सरकारी कोंबडी खुडूक होत नाही

साहेब, तुम्ही एकाच दिवशी, एकाच गावात, एकाच तोंडानं दोन गोष्टी सांगितल्यात. सकाळी चावडीपुढं पुरुष बसवलेत आणि म्हणालात, ह्या विलायती कोंबडीच्या अंड्यात जीव नसतो, दुधासारखंच ते, कोंबडा लागतच नाही. दुपारी मारुतीच्या देवळात बायका बसवल्यात आणि म्हणालात, बायांनो, आज शंभर घ्या, बघता बघता हजार होतील, कोंबडीसारखं वाढणारं धन नाही. चावडीवर पुढं जैनांच्या पगड्या होत्या, देवळात पुढं आमच्या रिकाम्या ओट्या होत्या. ज्याला जे गोड लागतं ते त्याच्या पानात वाढलंत, ओला हरभरा सोलत जीपमध्ये बसलात आणि धुरळा उडवून निघून गेलात. मागं आमचं काय झालं ते बघायला कधी आलात?

अंजना हे सगळं मनातल्या मनात म्हणत होती आणि हातानं सोपा सारवत होती. तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण आज तेच कोंबडीखात्याचे साहेब पुन्हा येणार होते. शेजारच्या गावांचे पंच घेऊन, हवालदार नाथाजीचा नमुनेदार कोंबडीफार्म दाखवायला. आणि नेमकं आजच, जीव नाही म्हणून सांगितलेली अंडी घरात जागोजागी आतून टोचा मारायला लागली होती.

"अंजे, सोड ते सारवण," चुलीमागून बनुबाईनं हाक दिली. सासू कोंबडीच्या डालग्यापुढं फतकल मारून बसली होती आणि एक अंडं कानाला लावून ऐकत होती, जशी काय ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्यात. "ह्यो आतनं दार वाजवाय लागलाय."

अंजनानं शेणाचा हात झटकला आणि तशीच धावली. अंड्याला जोंधळ्याएवढं भोक पडलं होतं. त्यातून एक ओली चोच बाहेर आली, दमली, आत गेली, परत आली. सासू-सुना एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण दोघी अशा एकदम, पोटातून, कधी हसल्या असतील तर अंजनाला आठवत नव्हतं.

हे खूळ अंजनाचं. नाथाजी बांगलादेशाच्या लढाईनंतर पलटणीतून सुटून घरी आला तेव्हा त्याच्या खिशात पिंपरीच्या एका कारखान्यातल्या वॉचमनच्या नोकरीचा शब्द होता, पलटणीतल्या दोस्तानं दिलेला. लग्न झाल्यापासून तोवर नवरा तिला सुट्टी-सुट्टीनं भेटला होता, सणाच्या पोळीसारखा. आता परत कारखान्याच्या फाटकाशी त्याला उभा करायला ती तयार नव्हती. हितंच काहीतरी करा, म्हणाली. करायला जागा कुठली? जमीन सगळी थोरल्या भावाच्या, आकारामच्या हाताखाली, आणि आकारामच्या डोक्यात ऊस. बांधावर तुळस लावायची म्हटलं तरी तो विचारायचा, हिचा उतारा किती पडंल.

जागा दिली आदगोंडानं. नाथाजीचा तालमीतला जोडीदार. गावात जैन घरं पाच-पंचवीस, त्यातलं हे कडक घर. कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पण साहेबाचं चावडीवरचं बोलणं त्यानं स्वतः ऐकलं, आईला, पद्मावती अव्वांनाही, चावडीच्या भिंतीआड आणून बसवून साहेबाच्याच तोंडून ऐकवलं. मग विहिरीजवळचा माळ त्यानं नाथाजीला वापरायला दिला. अटी दोनच. माळावर सुरी चालायची नाही, आणि अंड्यात जीव असायचा नाही. नाथाजीनं अव्वांच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाला, त्यांना पेन्शन देऊ.

पाचटाचं छप्पर, तट्ट्यांच्या भिंती, खाली शेंगांची टरफलं. शंभर पांढऱ्या कोंबड्या टोपल्यांतून एस्टीच्या टपावर आल्या. लाल तुरा एका डोळ्यावर कललेला, जसा काय जवानांनी टोपी वाकडी घातलीय. नाथाजी सकाळी शिट्टी मारायचा, त्या धावत यायच्या, तो मोजायचा. अंडी तर अशी घालायच्या की आकारामसुद्धा ऊस सोडून बघायला यायचा. पण एक गोष्ट बायकांच्या लगेच ध्यानात आली. ह्या कोंबड्या खुडूक होत नव्हत्या.

गावठी कोंबडी खुडूक होते म्हणजे तिला आईपणाचं वेड लागतं. पिसं फुगवते, खाणं सोडते, खाली गोटा ठेवला तरी त्याला ऊब देत बसते. ह्या सरकारी बाया अंडं घालायच्या आणि चालायला लागायच्या. "एस्टीतल्या पाशिंजर हायती," बनुबाई म्हणायची. "उतरल्या की मागं वळून बगत न्हाईत." मग हजार व्हायच्या कशा?

अंजनानं इलाज काढला. आळीतल्या ज्या ज्या बाईच्या घरी गावठी कोंबडी खुडूक झाली, तिच्या पोटाखाली आपली पांढरी अंडी सरकवायची. पिलांत निम्मा वाटा तिचा. नाथाजीला आयतं दाखवायचं, एकदम, आज साहेबांच्या देखत. अव्वांना दिलेला शब्द तिला ठाऊक होता. पण तो शब्द पुरुषांचा, चावडीवरचा. तिला साहेब देवळात भेटला होता, आणि देवळातला साहेब म्हणाला होता, हजार होतील. कोंबडा लागत नाही म्हणजे ह्या कोंबड्या कोंबड्याशिवायच पिलं देतात, असा तिनं आणि सगळ्या आळीनं सरळ अर्थ घेतला होता. विलायतेत काय होत नाही?

तर आता एक डालगं चुलीमागं होतं, एक थोरल्या जावेच्या, लीलाबाईच्या माजघरात, एक शालूबाई कुंभारणीच्या भट्टीशेजारी. बनुबाईची आवडती ठिपकेवाली कोंबडी मात्र डालग्यात राहीना. तिनं स्वतःची जागा स्वतः पसंत केली. नाथाजीची पलटणीची काळी ट्रंक.

लीलाबाई पदर खोचून धावत आली. तिच्याकडं तीन बाहेर पडली होती. दोघी जावांचं दिवाळीत फराळाच्या कढईवरून भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं, ते तिला वाटेत आठवलं असावं, कारण ती दारात जरा थबकली. मग म्हणाली, "गेलं खड्ड्यात. तुझी बगू दे." तेवढ्यात शालूबाईचाही सांगावा आला, हिथं पाच. बनुबाई म्हणाली, बाळंतिणीची खोली सुद्धा एवढी गजबजत नाही. तिघी चुलीमागं डोक्याला डोकं लावून बसल्या.

"अंजना, माझा ड्रेस काढ," दारातून नाथाजीचा आवाज आला.

त्याच्या मागं आदगोंडा होता, धुतलेल्या धोतरात. साहेबांसमोर जागेचा मालक म्हणून उभं राहायचं होतं त्याला. नाथाजीला मेडलं लावून उभं राहायचं होतं. ड्रेस ट्रंकेत होता. ट्रंकेचं झाकण मक्याच्या कणसावर टेकवून जरासं उघडं ठेवलं होतं, हवेसाठी.

अंजना ट्रंकेपुढं जाऊन उभी राहिली.

"ड्रेस धुवाय टाकलाय."

"काल तर न्हवता टाकला."

"त्येला कसर लागलीय."

"धुवाय टाकलाय का कसर लागलीय?"

"आदी कसर लागली, मग धुवाय टाकला."

ट्रंकेतून आवाज आला. क्लुक्. नाथाजीनं कान टवकारले. सीमेवर रात्री गस्त घातलेला माणूस, तो आवाज ओळखतो. त्यानं बायकोला दंडाला धरून बाजूला केलं आणि झाकण उघडलं. ठिपकेवालीनं त्याच्या मनगटावर टोच मारली. तिच्या पोटाखालून, हवालदाराच्या कोटाच्या घडीतून, पितळी बटणाशेजारून एक पिल्लू बाहेर आलं. ओलं, पिवळट, आणि मान उघडी. न्हाव्यानं सफाचट केल्यासारखी लाल उघडी मान.

ती मान साऱ्या गावाला ठाऊक होती. आकारामच्या कोंबड्याची. त्याचं नाव पोरांनी सुभेदार ठेवलं होतं, घरात हवालदाराच्या वरचा कुणीतरी पाहिजे म्हणून.

"आये," नाथाजी हळूच म्हणाला. कोंबड्यांच्या बाबतीत गुन्हेगार कोण असणार हे त्याला शोधावं लागलं नाही. "सुभेदार आत सोडला कुनी?"

"मी." बनुबाईनं डोळ्याला डोळा भिडवला. "रोज दुपारी. तू झोपलास की. शंभर पोरी कोंडून घातल्यास आन एक गडी न्हाई. तळतळाट कुनाला लागला असता?"

"साहेब म्हनला हुता, कोंबडा लागत न्हाई."

"लागत न्हाई म्हनला. सोडू नका म्हनला न्हाई."

अंजना सासूकडं बघतच राहिली. विलायतेचा चमत्कार तिच्या डोळ्यांदेखत सुभेदाराच्या मानेवर येऊन बसला होता. तिला हसू आलं आणि ते दाबता येईना. लीलाबाईनं तोंडात पदर कोंबला. एवढ्यात दंगा ऐकून आकाराम आत आला, पिल्लू तळहातावर घेतलं, मान निरखली आणि त्याची छाती अशी फुगली, जसा काय त्याच्या उसाला जिल्ह्यात पहिला नंबर मिळालाय.

"आमच्याच सुभेदाराचं हाय," तो म्हणाला. "बगा. नरडं बगा."

हसला नाही तो एकटा आदगोंडा. तो ट्रंकेजवळ उकिडवा बसला होता आणि दुसरं अंडं तडकताना बघत होता.

"नाथा," तो म्हणाला, "ह्यातलीच अंडी रोज सांगलीच्या बाजाराला जातात."

"जातात."

"माझ्या विहिरीवर पाणी पिऊन."

आदगोंडा उठला. अव्वाला सांगितलं पाहिजे की, एवढंच म्हणाला आणि पायताण घालायचं विसरून तसाच गेला. अंगणात त्याची पायताणं राहिली. अंजनानं ती उचलून उंबऱ्याशी नीट लावून ठेवली.

नाथाजीनं ड्रेस मागितला नाही. त्यानं मोकळ्या टोपल्या गोळा करायला सुरुवात केली. शब्द मोडला होता, आपण नाही तर आपल्या घरानं, आणि घरानं मोडला म्हणजे आपणच. माळ आजच्या आज मोकळा करायचा. साहेब आला की त्याच्याच पुढ्यात कोंबड्या ठेवायच्या, घेऊन जा म्हणायचं. आणि उद्या सकाळच्या गाडीनं पिंपरी.

घरात एकदम सगळे बोलायला लागले. ज्या आकारामनं ह्या कोंबड्यांना पांढरी पीडा म्हणून वर्षभर नावं ठेवली तो म्हणाला, सुभेदाराची पिलं उघड्यावर पडू देणार नाही, आंब्याखालचा ऊस काढतो आणि जागा करतो. लीलाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं, जसं काय लग्नाच्या बोहल्यावर आत्ताच अंतरपाट सरकलाय. अंजना थोरल्या दिराशी कधी समोरासमोर बोलत नसे, तिनं भिंतीला सांगितलं की भावजींचे पांग फिटणार नाहीत. पण नाथाजी टोपल्या रचतच होता. जागेचा प्रश्न नव्हता, शब्दाचा होता. म्हाताऱ्या माणसाच्या पायावर हात ठेवलेला शब्द.

ह्या एका गोष्टीपुढं अंजना हरत आली होती. नवऱ्याचा खरेपणा. दारू पिणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं, खऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

तिनं भांडण सोडलं आणि डालगं डोक्यावर घेतलं. "चला तर मग," म्हणाली. "कोंबड्या साहेबाला द्यायच्या तर पिलं बी देऊ. त्येचीच हायती. हजार करतो म्हनला हुता."

मग जी वरात निघाली ती गावानं पुढं कैक वर्षं सांगितली. पुढं रिकाम्या टोपल्या घेऊन लष्करी पावलं टाकत नाथाजी. त्याच्या मागं डालगी डोक्यावर घेतलेल्या दोघी जावा, कढईचं भांडण विसरलेल्या. शालूबाई ओटीत पाच पिलं घेऊन. बनुबाई ठिपकेवालीला काखेत मारून, आणि ती कोंबडी सगळ्या रस्त्याला शिव्या देत. आकाराम बैलगाडी जुंपून, त्यात ट्रंक, कारण तिच्यात अजून चार अंडी तडकायची होती. आणि सगळ्यांच्या मागं, कुणी न बोलवता, मान उंच करून सुभेदार. वाटेत ज्यानं त्यानं विचारावं, लग्न कुणाचं, आणि बनुबाईनं सांगावं, लग्न झालं, बारसं हाय.

माळावर पद्मावती अव्वा आधीच येऊन बसल्या होत्या. पांढरं लुगडं, जमिनीवर मांडी. शेजारी आदगोंडा अनवाणी उभा. सगळी हसणारी तोंडं आपोआप मिटली.

नाथाजीनं टोपल्या खाली ठेवल्या. टाच टाचेला लावली. "अव्वा, माझा शबूद मोडला. माळ मोकळा करतो."

अव्वांनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांनी अंजनाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "उबवायला कुणी ठेवली?"

"मी."

"का?"

अंजनाला खोटं सुचलं नाही. "ह्ये हितं ऱ्हावेत म्हनून," ती म्हणाली. "शंभराच्या हजार झाल्या तर फिरून कुठं जायाचं नाव काढनार न्हाईत म्हनून."

शालूबाईच्या ओटीतलं एक पिल्लू खाली पडलं होतं, ते उघड्या मानेनं थरथरत चाललं आणि थंडीत ऊब बघून अव्वांच्या लुगड्याच्या निऱ्यांत शिरलं. अव्वांचा हात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. सगळा माळ त्या हाताकडं बघत होता. मग तो हात खाली आला आणि पिल्लावर पदर ओढला गेला.

"जागा परत मागायला आले होते," अव्वा म्हणाल्या. "आता मागितली, तर ही कुठं जातील? कोल्ह्याच्या तोंडात. ते पाप माझ्याच माथी की." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पण रोज सांगलीला जे गेले, त्यांचं काय, नाथा? त्यांचं मी देवाला काय सांगू?"

नाथाजीची मान खाली गेली. अंजनाला कुणीतरी कानाखाली ओढल्यासारखं झालं. ती अंडी तिनंच रोज सकाळी शेंगांच्या टरफलात रचली होती, गाणं म्हणत.

आणि तेवढ्यात जीप आली. धुरळा तोच, साहेब तेच. पंच उतरले. साहेबांनी गाडीचं इंजिन बंद न करताच छपराकडं हात केला आणि सुरू केलं, मंडळी, हा बघा आदर्श, इथली अंडी पूर्ण निर्जीव, आणि इथून कुक्कुटपालन कसं दसपट वाढतंय बघा. एका दमात दोन्ही. मधे श्वाससुद्धा घेतला नाही.

अव्वा अंजनाकडं बघून म्हणाल्या, "हेच बोलले होते. मी भिंतीआडून ऐकलंय. पहिलं."

"दुसरं मी ऐकलंय," अंजना म्हणाली. "देवळात."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीला पहिलं विकलं होतं, दुसरीला दुसरं, आणि दोघींचा माल एकाच पोत्यातला होता.

"शब्द नाथानं मोडला न्हाई," अव्वा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नाथाला शब्द ज्यानं दिला, त्यानं मोडला. त्यानं आधी उत्तर द्यावं. अंड्यात जीव आहे का न्हाई ते कळेपर्यंत एक अंडं सांगलीला जाणार न्हाई, एक कोंबडी माळावरून हलणार न्हाई, आणि नाथासुद्धा न्हाई. राखायला माणूस पाहिजे की."

नाथाजीनं खाली ठेवलेल्या टोपल्या एकेक करून पालथ्या घातल्या. अंजनानं डोक्यावरचं डालगं खाली उतरवलं. बनुबाईनं हात पसरला आणि सुभेदाराला पकडून, दोन्ही पाय धरून आकारामच्या हवाली केलं. कोडं सुटेस्तोवर ह्येला घरीच बांध, म्हणाली, पोरींची सवय मोडंल पण इलाज न्हाई. सुभेदारानं आरडून सगळा माळ डोक्यावर घेतला.

साहेबांच्या ध्यानात काहीतरी आलं असावं. जीपमधूनच हात हलवून म्हणाले, छान, छान, चालू द्या, पुढल्या गावाला उशीर होतोय. पंच परत चढायला लागले. मागं बघितलं तर आकारामची बैलगाडी वाटेत आडवी लागली होती. बैल शांतपणे रवंथ करत होते. गाडीवान गाडीवर नव्हता. त्याच्या हातात कोंबडा होता, त्याचे दोन्ही हात मोकळे नव्हते, तो तरी काय करणार.

अंजनानं अव्वांच्या पदराखालचं पिल्लू हातात घेतलं. पँटीतल्या माणसाशी ती जन्मात कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालत जीपपाशी गेली. मागून पायांचे आवाज आले, एकाचे, दोघांचे, मग सगळ्यांचे. नाथाजी तिच्या एक पाऊल मागं येऊन उभा राहिला, सावधानमध्ये, जसा काय ती त्याची साहेब.

तिनं पिल्लू जीपच्या पुढच्या सीटवर, साहेबांच्या मांडीशेजारी ठेवलं. ते उघड्या मानेनं साहेबांकडं बघून ओरडायला लागलं.

"तुमी शिकलेलं हायसा," अंजना म्हणाली. "अव्वांना एक बोललासा, मला एक बोललासा. आता दोगी समोर उभ्या हाव. एकच बोला. अंड्यात जीव हाय का न्हाई? आदी त्ये इंजिन बंद करा आन मग सांगा. कुनालाबी घाई न्हाई."